हाक मारायची नाही

तुम्हीच केलंत हे. संघाचे बिल्ले छातीवर लावून, इस्त्रीच्या कोटात लांब टेबलामागे बसून तुम्ही एका बाईला खोगिरावरून खाली उतरवलंत, आणि वर सगळ्यांना सांगत सुटलात की बाईंनी मानानं निवृत्ती घेतली. निवृत्ती घेतली म्हणे! जे झालं ते सगळं तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही ते आपसांत कुजबुजलात, आता ते चारचौघांत ऐका.

तबेला काही मोठा नव्हता. एका अंगाला उड्यांचं मैदान, त्यात लाल-पांढरे दांडे, लाकडी भिंती, पाण्याचा उथळ हौद. दुसऱ्या अंगाला पांढऱ्या बुटक्या फळ्यांनी आखलेलं वाळूचं लांबट रिंगण. मैदान मास्तरांचं, रिंगण बाईंचं. दोघं नवराबायको. मधल्या वाटेवर घोड्यांची ठाणं, खोगिरांची खोली, आणि तिच्यावर माडीत त्यांचं घर. सकाळी दूध तापायच्या आधी घरात शेणालिदीचा आणि चामड्याच्या तेलाचा वास यायचा, आणि तो वास आला नाही तर बाईंना चुकल्यासारखं व्हायचं.

मास्तरांना सगळे पाठीमागे भोंगा म्हणायचे. लेक तोंडावर म्हणायची. उड्या शिकवताना त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. "टाच लाव! अरे टाच! घोड्याच्या कानांत काय बघतोयस, तिथे सिनेमा लागलाय का? पुढचा दांडा बघ!" घोडे सोडून सगळे दचकत. घोड्यांना सवय होती.

बाईंची विद्या याच्या अगदी उलट. ड्रेसाज म्हणजे घोड्याला एक अक्षर न बोलता चालवणं. नुसती पोटरी, नुसतं बूड, करंगळीएवढा लगाम. बघणाऱ्याला वाटावं, घोडा आपल्याच मनानं नाचतोय आणि वर बसलेली बाई फक्त हवा खातेय. मास्तर म्हणायचे, "तिचं घोड्याशी जे चालतं ते माझ्याशी कधी चाललं नाही. मला बाई ओरडूनच सांगते." बाई म्हणायच्या, "घोड्याला पहिल्यांदा कळतं, म्हणून."

मग बाईंचे डोळे गेले. सगळे नाहीत, मधले. कडेकडेनं दिसायचं, जिथे बघाल नेमकी तिथे राखाडी थाप. फळ्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत, समोरचा माणूस दिसत नसे. समोर कुणी उभं राहिलं की चेहऱ्याच्या जागी धुकं आणि दोन बाजूंना दोन कान. "तुमचे कान एवढे मोठे आहेत हे मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं," त्या मास्तरांना म्हणाल्या. मास्तर हसले आणि उठून खोगिरांच्या खोलीत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

शिकवणं अडलं नव्हतं. टापांचा आवाज ऐकून बाई सांगायच्या की तुझा घोडा डावीकडे लवतोय, तुझं वजन चुकलंय. अडलं ते संघाच्या नियमापाशी. शिकवणाऱ्यांनी काही वर्षांनी स्वतः घोड्यावर बसून परीक्षा द्यायची. पास झालं तर परवाना पुढे चालू. नाहीतर ना शिकवायचं, ना संघाची मान्यता असलेल्या कुठल्याही रिंगणात, अगदी आपल्या तबेल्यातही, घोड्यावर बसायचं. बाईंची पाळी त्या वर्षी आली.

"नाही दिली तर?" लेकीनं विचारलं.

"नाही दिली तर मी काय करू? तुझ्या बाबांचे पडलेले दांडे उचलू? तेही दिसत नाहीत मला. पायात येतात."

रिंगणाच्या कडेला अक्षरांच्या पाट्या असतात. ए, बी, सी, ई अशा. या अक्षरापाशी वळायचं, त्या अक्षरापाशी दौड धरायची, अमक्यापाशी गोल फिरायचं, सगळं आधी ठरलेलं. नजर असेल तो पाटी बघून वळतो. ज्याला नजर नाही त्याच्यासाठी संघाच्याच नियमांत सोय आहे: पाटीपाशी माणूस उभा करावा, त्यानं आपल्या अक्षराची हाक द्यावी. संघानं बाईंना ही परवानगी दिली. दिली होती. तुमच्याच सहीनं.

चार जण ठरले. समोरच्या टोकाला, परीक्षक बसतात तिथे, सीपाशी मास्तर. डावीकडे ईपाशी लेक. उजवीकडे बीपाशी नालवाला, जो महिन्याकाठी नाल ठोकायला यायचा आणि गप्पा ठोकायला केव्हाही. आणि प्रवेशापाशी, एपाशी, घोड्यांची देखभाल करणारा म्हातारा मोतद्दार.

पहिल्याच दिवशी मोतद्दार अडून बसला. "मी नाही बाईंना 'ए' म्हणणार."

"अहो, ते अक्षर आहे," लेक म्हणाली.

"असेल अक्षर. एवढी वर्षं बाई म्हणून हाक मारली, आता उतारवयात 'ए' करून ओरडू? माझी जीभ झडेल."

"मग 'एऽ जी' म्हण," नालवाला म्हणाला. "नाटकातल्यासारखं."

"आणि तू काय, शिकारीतला हाकारा?"

"मला आख्ख्या अक्षरमालेतनं एक अक्षर मिळालंय, ते तरी नीट म्हणू दे. बीऽऽ!"

साळुंकीनं कान टवकारले. साळुंकी म्हणजे बाईंची घोडी, तांबूस, पायांना पिवळट झाक, स्वभावानं इतकी लक्ष देणारी की जवळ कुणी खोकलं तरी हिशेबात धरायची. बाई खोगिरावर बसून हसत होत्या. बऱ्याच दिवसांनी हसत होत्या, म्हणून मास्तरांनी ते लक्षात ठेवलं.

आता चूक. ती मास्तरांचीच होती आणि ती फक्त घोड्यांच्या माणसांकडूनच होऊ शकते. ड्रेसाज शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात सांगतात की परीक्षेचा क्रम आरंभापासून शेवटपर्यंत सलग कधी घोकायचा नाही. आज मधलं वळण करा, उद्या शेवटचं, परवा उलट्या बाजूनं. सलग घोकला की घोडा पाठ करतो. स्वारानं इशारा करायच्या आधीच तो पुढचं करून मोकळा होतो, आणि परीक्षकाला लगेच दिसतं की घोडा ऐकत नाही, आठवतोय. हे मास्तरांना माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण त्यांना भीती घोडीची नव्हती, स्वतःची होती. आपण उडीवाले, आपल्याला हा क्रम येत नाही, ऐन वेळी हाक चुकली तर? म्हणून रोज सकाळी सगळा क्रम, सलग, हाकांसकट.

"बाबा, घोडी पाठ करेल," लेक म्हणाली.

"करू दे. कुणीतरी केलेला बरा."

लेकीनं आईकडे बघितलं. बाईंनाही आतून वाटायला लागलं होतं की आपल्यालाच विसर पडेल.

परीक्षेच्या दिवशी व्हायचं ते झालं. मास्तरांनी सीची हाक दिली, घोडी अजून कोपऱ्यापासून लांब होती, आणि साळुंकी आवाजावर वळली. कोपरा कापला गेला. नालवाल्यानं "बी" म्हणायला श्वास घेतला तोच तिनं गोल धरला. बाई वर बसून तिला मागे आणत होत्या, पोटरीनं, बुडानं, ते मास्तरांना लांबूनही दिसत होतं. पण घोडीच्या डोक्यात चार माणसांचे चार आवाज पक्के बसले होते आणि ती इमानेइतबारे एकेकाचं ऐकत होती.

"घोडी चालवतंय कोण?" मुख्य परीक्षकांनी विचारलं. "बसलेली बाई की उभी माणसं?"

प्रश्न रास्त होता. मास्तरांनी तो तिथल्या तिथे मान्य केला. "चूक माझी आहे, साहेब. मीच रोज सलग घोकून घेतलं. बाईंची नाही."

"पुन्हा परीक्षा देता येईल. पण हाका नाहीत."

"नियमात आहेत की."

"नियमात मदत आहे, नाटक कंपनी नाही. हाका बंद. रिंगणाच्या कडेनं कुणी तोंड उघडलं तर बाई तिथेच बाद. आलं लक्षात?"

आंधळ्याची काठी काढून घ्यायची आणि म्हणायचं, आता चालून दाखव. मास्तरांनी ते ऐकून घेतलं, कारण चुकलेल्या माणसाला आवाज चढवता येत नाही. हे तुम्हाला बरोबर माहीत होतं.

नंतरच्या दिवसांत तबेल्यातला आवाजच गेला. साळुंकीच्या डोक्यातून चार माणसं बाहेर काढायची होती. बाई क्रम मोडून मोडून, उलटसुलट करत बसल्या. फळ्या कोपऱ्यातल्या नजरेनं पकडायच्या. कडेला टापांनी उडालेल्या वाळूचा बारीक उंचवटा होतो, घोडीची पाठ तिथे किंचित कलते, तो कल ओळखायचा. लांबीच्या बाजूनं जाताना हे सगळं हाताशी असे. कठीण होती ती मधली रेघ. एपासून सीपर्यंत रिंगणाच्या बरोबर मधून सरळ जायचं. तिथे कडेला काही नाही, आणि समोर बघावं तर राखाडी थाप. तिथे बाई फक्त घोडीवर भरवसा टाकायच्या आणि मान ताठ ठेवायच्या.

मास्तर लांब, उड्यांच्या मैदानाच्या कठड्याला टेकून बघायचे. उड्या शिकवतानाही ते आता हळू बोलत. शिकणारी मुलं गोंधळली; आवाजाशिवाय त्यांना उडीची वेळच कळेना. घरातही तेच.

"अहो, घरात तरी बोला," बाई जेवताना म्हणाल्या. "समोर तुम्ही दिसत नाही, वर बोलतही नाही. मला वाटतं एकटीच जेवतेय."

"काय बोलू?"

"काहीही. मीठ कमी आहे म्हणा."

"मीठ बरोबर आहे."

"बघा. बोलायला लागलात की नेहमी माझ्याविरुद्ध."

मग त्यांनी हात पुढे केला, मास्तरांचा हात सापडला तसा धरून ठेवला. "मला चढलेलं असताना सगळं कळतं हो. जमिनीवर उतरले की मी चाचपडते. तुम्ही मला खाली राहू देऊ नका."

मास्तरांनी हात सोडला नाही. वचन देण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं.

दुसरी परीक्षा संघाच्याच रिंगणात. ऊन चांगलं तापलं होतं. सीच्या मागे टेबल, टेबलावर कापडी छत्री, तीन खुर्च्या, तीन परीक्षक. मास्तर, लेक, नालवाला आणि मोतद्दार रिंगणापासून लांब, कठड्यामागे. नालवाल्यानं खिशातला रुमाल काढून चक्क दातांत धरला. कुणी हसलं नाही.

बाई एपासून आत आल्या. मधली रेघ. साळुंकी दोरीवरून चालल्यासारखी आली, मध्यावर थांबली, चारही पाय चौकोनात. बाईंनी उजवा हात खाली सोडला, मान लववली. सलाम. समोरून मुख्य परीक्षकांनी मान हलवली आणि म्हणाले, "चालू करा."

आणि मग बाईंनी जे केलं ते मास्तर कठड्यावर वाकून बघत राहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी हे काम दुरून बघितलं होतं, थट्टा केली होती; त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना ते कळलं. घोडी काही आठवत नव्हती. घोडी ऐकत होती. कोपऱ्यात खोल गेली, गोल मोठा आणि गोल, दुडकीतून दौड एवढी अलगद की दौड कधी लागली ते वाळूलाही कळलं नसेल. लेकीनं बाबांचा दंड धरला होता. तिची नखं रुतत होती. त्यांनी रुतू दिली.

तेवढ्यात ऊन सरकलं. छत्रीची सावली टेबलावरून उतरली आणि परीक्षकांच्या तोंडावर ऊन आलं. मुख्य परीक्षकांनी रुमालानं मान पुसली, शेजारच्याला काही म्हटलं, आणि तिघं उठले. परीक्षा चालू असताना. शिपायानं खुर्च्या उचलल्या. सगळी वरात रिंगणाला वळसा घालून उजव्या कोपऱ्यापलीकडच्या झाडाखाली गेली आणि तिथे बसली. बाई त्या वेळी दूरच्या टोकाला दौडत होत्या. टापांखाली त्यांना काय ऐकू येणार?

लेकीचा हात ढिला पडला. "बाबा."

"गप."

"बाबा, शेवटचा सलाम. आई..."

"गप म्हटलं ना."

मोतद्दार खाली मान घालून उभा होता. नालवाल्याच्या तोंडातला रुमाल पडला होता आणि तो उचलायचं त्याच्या ध्यानात नव्हतं.

बाई एपाशी वळल्या आणि मधल्या रेघेवर आल्या. सरळ, घोडीच्या मानेत सुंदर बाक, चेहऱ्यावर घाम आणि घामाच्या आत समाधान. समोर पाटी होती सीची, तिच्यामागे टेबल, मोडकी सावली, आणि कुणी नाही. एक शब्द पुरला असता. "उजवीकडे." एवढाच. मास्तरांनी सगळा जन्म ज्या आवाजावर काढला तो आवाज वर आला आणि त्यांनी तो दाबला, कारण तो निघाला असता तर बाई बाद. डोळ्यांत पाणी आलं ते त्या दाबण्याचं होतं की कशाचं, त्यांना कळलं नाही.

साळुंकी थांबली. चारही पाय चौकोनात. बाईंनी हात खाली सोडला आणि रिकाम्या जागेपुढे मान लववली. अगदी हवी तेवढी, अगदी हवा तितका वेळ. मग समोरून कुणीतरी काही म्हणेल म्हणून थांबल्या. थांबून राहिल्या.

झाडाखालून मुख्य परीक्षक म्हणाले, "इकडे या, बाई."

बाईंची मान आवाजाच्या दिशेनं वळली. त्यांचा चेहरा पडला नाही. फक्त त्यांनी लगाम हळूच हातात गोळा केला, जसं पसरलेलं कापड गोळा करतात.

"काम चांगलं झालं," मुख्य परीक्षक म्हणाले. "इतकं चांगलं की तुमच्या डोळ्यांना काही झालंय हे आम्हाला पटत नाही. कोपरे, गोल, सगळं जागच्या जागी. मग गेल्या खेपेला माणसं उभी करून सवलत कशाला मागितलीत? संघाची दिशाभूल झाली की नाही?"

"मला कडेचं दिसतं, साहेब. समोरचं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"आणि दुसरं. शेवटचा सलाम तुम्ही परीक्षकांना केला नाहीत. मुद्दाम पाटीला केलात. तुमचा आमच्यावर राग असेल, समजू शकतो. पण उद्धटपणा चालणार नाही. परवाना पुढे चालू होणार नाही."

मास्तर कठडा ओलांडून वाळूत आले होते. आता तोंड उघडायला हरकत नव्हती. पण त्यांच्या आधी बाई बोलल्या, परीक्षकांशी नाही.

"अहो," त्या खाली वाकून म्हणाल्या, "मी कुणाला सलाम केला?"

मास्तरांनी घोडीचा लगाम धरला. "कुणालाच नाही. ते उठून सावलीत गेले होते."

"केव्हा?"

"तू दौडत होतीस तेव्हा."

"मग तुम्ही हाक का नाही मारलीत?"

याचं उत्तर बाईंनाही माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं, आणि विचारल्यावर स्वतःच मास्तरांच्या खांद्यावर हात टेकला आणि उतरल्या. उतरताना पाय वाळूत चुकीचा पडला. मोतद्दार धावला. "बाई, बाई, सांभाळून." त्यानं रकाब बाजूला धरली, बाई सावरल्या. नालवाल्यानं परीक्षकांकडे बघून एक शिवी दिली, ती इथे लिहिण्यासारखी नाही, पण ती खरी होती.

नंतर मास्तर संघाच्या कचेरीत गेले. पहिल्यांदा सांगितलं की मुख्य परीक्षक बैठकीत आहेत. मग सांगितलं की विषय संपला. मग तुम्ही पत्रक काढलंत की प्रदीर्घ सेवेनंतर बाईंनी निवृत्ती घेतली, संघ त्यांचा आभारी आहे. मास्तरांनी ते घरी वाचून दाखवलं नाही. लेकीनं दाखवलं. बाई लगामाला तेल लावत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, चामड्याच्या घडीत बोट घालून तेल पुरलंय का पाहिलं, आणि म्हणाल्या, "सलामाबद्दल काही लिहिलंय?"

"नाही, आई."

"मग त्यांना माहीत आहे."

आज बाई जमिनीवर आहेत. सकाळी त्या मधल्या वाटेनं हात भिंतीला लावत साळुंकीच्या ठाणापर्यंत जातात, खरारा करतात, तिच्या मानेला गाल लावून उभ्या राहतात, आणि परत भिंतीला हात लावत येतात. रिंगणाची वाळू आता कुणी सारखी करत नाही. उड्यांच्या मैदानातून मास्तरांचा आवाज पुन्हा रस्त्यापर्यंत जातो, पण बाई वाटेवर दिसल्या की ते मध्येच थांबतात, आणि उडी मारायला निघालेलं पोर दांड्यापुढे येऊन विचारतं, "मास्तर, मारू का?"

आता तुम्ही बोला. बाईंना दिसत होतं असं तुम्ही म्हणालात. दिसत होतं, तर त्या घामानं निथळत, हसऱ्या तोंडानं रिकाम्या टेबलापुढे मान लववून कुणाची वाट बघत थांबल्या होत्या? आणि दिसत नव्हतं, तर तुम्ही दिलेल्या हाका तुम्ही कुठल्या अधिकारानं काढून घेतल्यात? दोन्ही खरं नसतं. एकच असतं. आणि परीक्षा चालू असताना तुम्ही खुर्च्यांवरून का उठलात? पत्रकात नको, "लेखी कळवू" नको. बाईंच्या समोर येऊन, त्यांना आवाज ओळखू येईल इतक्या जवळ उभं राहून सांगा: सलाम चुकला तो कुणाचा?